उघडा माग

आमच्या शेडमध्ये चार साधे माग होते. साधा माग म्हणजे उघडा माग. धोटा कुठून सुटतो, कुठं जाऊन आपटतो, फणी सूत कसं ठोकते, पट्टा कुठल्या पुलीवरून फिरतो, सगळं डोळ्यांसमोर. अप्पा, म्हणजे माझे वडील, आधी दुसऱ्यांच्या शेडमध्ये माग दुरुस्त करणारे जॉबर होते, मग कर्ज काढून खर्चीवाले झाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, मधली विणायची मजुरी तेवढी आमची. शाळेतून आलो की मी कांड्या भरायला बसायचो आणि मागाभोवती फिरणाऱ्या अप्पांकडं बघायचो. ते बघण्यापेक्षा ऐकायचेच जास्त. "आवाज ऐक की रं. कुठं बिघडलंय ते मागच सांगतोय," म्हणायचे.

२००३ साली मी वेबसाइट बनवायला शिकू लागलो, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. कुणी शिकवलं असं विचारलं तर एका माणसाचं नाव सांगता येत नाही. पण शिकता का आलं, ते सांगता येतं. तेव्हा वेबही उघड्या मागासारखी होती.

जनता चौकाकडच्या एका सायबर कॅफेत प्लायवूडच्या फळ्यांनी कप्पे पाडले होते. तासाला वीस रुपये. परीक्षेचा निकाल बघायला म्हणून गेलो होतो. माउसचं उजवं बटण दाबलं गेलं, यादीत 'व्ह्यू सोर्स' दिसलं, त्यावर क्लिक केलं आणि नोटपॅडमध्ये त्या पानाचं पोट उघडलं. टेबल, रांगा, रकाने, रंगांचे आकडे. निम्मं कळलं नाही. पण मथळा ओळखू आला. तो खोडून तिथं आमच्या गल्लीचं नाव टाकलं, फ्लॉपीवर सेव्ह केलं, परत उघडलं. पडद्यावर आमची गल्ली! पुढं बऱ्याच मोठ्या साइट बनवल्या, पण त्या संध्याकाळी छातीत जे झालं ते पुन्हा क्वचितच झालं.

टिम बर्नर्स-लींनी जगातली पहिली वेबसाइट १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून खुली केली, आणि १९९३ मध्ये सर्ननं हे तंत्र सगळ्या जगाला फुकट वापरायला देऊन टाकलं. भारतात सामान्य माणसापर्यंत इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या हातून. आमच्या गावाच्या, इचलकरंजीच्या, इतिहासात अशी एक तारीख आधीपासून आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग चालू केला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर. एक माग चालताना बघून दुसऱ्यानं घेतला, त्याचा बघून तिसऱ्यानं. कॅफेतल्या त्या कप्प्यात मी जे करत होतो ते आमच्या गावाला नवं नव्हतं.

अप्पांना माझं काम समजावताना मला मागावरच्या डॉबीचा उपयोग झाला. डॉबीच्या पट्ट्यांवरच्या खुंट्या जशा लावाल तशा उभ्या धाग्यांच्या वया उचलल्या जातात आणि तशी नक्षी उमटते. "तू खुंट्याच लावतोस म्हण की," ते म्हणाले. अगदी बरोबर होतं. फ्रान्समध्ये जाकारनं १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला, आणि पुढं बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी ते पुठ्ठे मागावरूनच उचलले. मागवाल्याच्या पोराला या धंद्यात परकं वाटायचं कारणच नव्हतं.

अप्पांकडून मिळालेली खरी शिकवण मात्र तुटण्याबद्दलची. आडवं सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. उभं सूत तुटलं तर साधा माग थांबत नाही. तो चालतच राहतो, आणि कापडात भेग लांबत जाते. त्यामुळं कामगाराची नजर उभ्या सुतावर हवी. वेबमध्येही हेच दोन प्रकार आहेत, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. पीएचपीत अर्धविराम राहिला की काम तिथंच थांबतं, कितव्या ओळीवर तेही कळतं. ही चूक सोपी. सीएसएसमध्ये एखादा शब्द चुकला तर ब्राउझर ती ओळ सोडून देतो आणि पुढं जातो. तक्रार नाही, सूचना नाही. पान दिसतं, फक्त कुठंतरी भेग असते. नवीन मुलं माझ्याकडं येतात तेव्हा मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. थांबणाऱ्या चुकीला घाबरू नका, न थांबणारी शोधायला शिका.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा तर भेगांचा कारखाना होता. २००१ मध्ये आलेला तो ब्राउझर आमच्याकडं पुढची सात-आठ वर्षं प्रत्येक ऑफिसात ठाण मांडून बसला होता. खोकं डावीकडं सरकवलं आणि डावीकडंच समास दिला तर तो समास दुप्पट करायचा. मी तीन रात्री माझ्याच गणितात चूक शोधत होतो. चौथ्या दिवशी कॅफेत कळलं की चूक ब्राउझरची आहे आणि 'डिस्प्ले इनलाइन' एवढं लिहिलं की ती जाते. का जाते, याला धड उत्तर नव्हतं. त्याच काळात भारनियमन जोरात होतं. दर दोन-चार ओळींनी सेव्ह करायची सवय तेव्हा बोटांना लागली, ती लॅपटॉप आला तरी सुटली नाही.

पहिलं पैशाचं काम एका कापड व्यापाऱ्याचं. कापडाचे नमुने साइटवर टाकायचे होते. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट यायचे, म्हणजे ७०० किलोबाइटचा एक फोटो दिसायला शंभर सेकंद. फोटो लहान करावेत तर पोत दिसत नाही, मोठे ठेवावेत तर गिऱ्हाईक निघून जातं. हातात कापडाचा तुकडा धरून पडद्यावरच्या रंगाशी मी किती दिवस झगडलो! साइट झाली, चालली, पण ठरलेल्या पैशांतले निम्मेच मिळाले. बाकीच्यासाठी वर्षभर हेलपाटे घातले. अप्पा म्हणाले, "खर्चीवाल्याला हे नवं न्हाई." ते खरंच होतं. सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, ही माझ्या धंद्याचीही रीत निघाली.

सगळ्यात मोठी लढाई मात्र मराठीची. तेव्हा मराठी साइट म्हणजे शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेला मजकूर. फाँट असलेल्या काँप्युटरवर मराठी, नसलेल्यावर रोमन अक्षरांचा कचरा. युनिकोड आलेलं होतं, पण विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, मूळ सीडी घालायची, काँप्युटर परत चालू करायचा. गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार?

२००७ च्या सुमारास एका संस्थेची सभासद यादी युनिकोडमध्ये करून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला, गावाचं नाव चुकलंय. बघतो तर प्रत्येक सभासदाच्या पत्त्यात 'इचलकरं' आणि पुढं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. डेटाबेसमधला तो रकाना वीस अक्षरांचा होता, पण ती वीस इंग्रजी अक्षरं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. इ, च, ल, क, र, अनुस्वार, ज आणि दीर्घ वेलांटी, ही आठ चिन्हं म्हणजे चोवीस बाइट. विसाव्यावर कात्री लागली आणि गावाचं नाव अनुस्वारावर तुटलं. रकाना वाढवणं पाच मिनिटांचं काम. पण तुटलेलं नाव परत येत नव्हतं, ते कापलं गेलं ते गेलंच. शेकडो पत्ते मी पुन्हा हातानं टाइप केले. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण कधी कळणारच नाही, आणि म्हणून ती सोडवायला आपल्यापैकीच कुणीतरी बसायला हवं, हे त्या रात्री पक्कं झालं.

त्यानंतर हे माझं वेडच झालं. 'वाऱ्यावर' मधला ऱ्य नीट उमटतो का, ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात की मराठी, मी प्रत्येक साइटवर तपासतो. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी अशी नोंद केली आणि फाँटमध्ये सोय असली तर ब्राउझर आपला ल दाखवतो. एवढी एक नोंद कितीतरी मराठी साइटवर अजून नसते, याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बालू हे फाँट फुकट मिळू लागले तेव्हा मी जुन्या चार साइट पैसे न घेता बदलून दिल्या.

मध्ये दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. शिकलो पुष्कळ, करमलं नाही. परत आलो.

मग फोन आले. इथन मार्कॉटनं २०१० मध्ये एकच पान प्रत्येक पडद्याला जुळवून घेण्याची रीत मांडली, २०११ मध्ये तयार साच्यांचं बूटस्ट्रॅप आलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ. आधी काँप्युटरला हात न लावलेले मागवाले एकदम फोनवर वेब वापरू लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि दिवाणजी मंडळींची झोप उडाली. त्या वर्षी मी खर्चीवाल्यांसाठी मजुरीचा हिशेब करणारी साइट बनवली. हिशेब साधा आहे. एका इंचात किती आडवे धागे, ते पीक. समजा पिकाला ७ पैसे, तर ५२ पिकांच्या कापडाला मीटरमागं ३ रुपये ६४ पैसे. महिन्याभरात एका दिवाणजींनी वही पुढं केली. एका बिलात एक पैसा कमी. "पैशाचं काय एवढं," असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणालो नाही. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ येत नाही, शेवटी कुठंतरी दूरवर एक ४ चिकटून येतो, कारण यंत्र दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतं. मी सगळे हिशेब रुपयांऐवजी पूर्ण पैशांत केले. वहीतली बेरीज जुळली तेव्हा दिवाणजींनी मान हलवली, बस्स. मोठ्या कंपनीच्या शाबासकीपेक्षा ती मान मला जास्त लक्षात आहे.

२०१५ साली सायझिंग कामगारांचा संप झाला तेव्हा खळ लावलेली बिमं मिळेनात आणि धडधाकट माग उभे राहिले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा कोड त्याच्या लेखकानं काढून घेतला आणि जगभरातले प्रकल्प तयार होईनात. दोन्हींत मला एकच गोष्ट दिसली. आपलं काम किती अनोळखी हातांवर उभं असतं, ते हात थांबेपर्यंत कळत नाही. फरक एवढाच की सायझिंगवाल्यांनी पगार मागितला होता, आणि फुकट कोड लिहिणारे बहुतेक जण तेवढंही मागत नाहीत.

मार्च २०२० मध्ये गाव गप्प झालं. रात्रंदिवस खटखट ऐकत वाढलेल्या माणसाला ती शांतता सहन होत नव्हती. माझं काम चालू होतं, उलट वाढलं होतं. शेजारी चार घरांत मजुरी बंद, आणि मी कॉलवर. मी त्या महिन्यांत घेतलेल्या पैशांचा विचार अजून करतो.

आमचे चार माग त्याआधीच भंगारात गेले होते, किलोच्या भावानं. आता गावात रॅपिअर, एअरजेट आहेत. धोटा नाही, झाकणं आहेत, पडद्यावर आकडे आहेत. अप्पा एकदा अशा शेडमध्ये उभे राहिले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे बोलतच न्हाई." वेबचंही तसंच झालंय. आज एखाद्या मोठ्या साइटचा सोर्स उघडला तर एका ओळीत दाबून भरलेली हजारो अक्षरं दिसतात. कापड चांगलं निघतं, वेगानं निघतं. शिकण्याचं साहित्य तर आमच्या काळाच्या कितीतरी पट आहे, मराठीतसुद्धा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरनंतर यंत्राला सांगितलं की तेच कोड लिहून देतं, आणि मीही ते वापरतो. पण त्यानं दिलेल्या कोडमधलं उभं सूत कुठं तुटलंय, ते मला पूर्वीसारखंच शोधावं लागतं. ज्यानं कधी उघडा माग पाहिलाच नाही, तो ते कसं शोधेल, ही काळजी मला खरोखर लागून राहिली आहे.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना एक सीडी सापडली. त्या कापड व्यापाऱ्याची साइट. भाची बारावीला आहे, तिला हे काम शिकायचंय. लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, मित्राकडून ड्राइव्ह आणला. पान उघडलं. कसलीही कुरकुर न करता आजच्या ब्राउझरमध्ये उघडलं, आणि वरची सूचनेची पट्टी उजवीकडून डावीकडं सरकूही लागली. मराठी मजकूर तेवढा रोमन अक्षरांची रास झाला होता, कारण तो फाँट आता नाही.

"मामा, काय लिहिलंय हे?"

मला सगळं पाठ होतं. मी तिला उजवं बटण दाबायला सांगितलं, सोर्स उघडून दिला, आणि एकेक ओळ सांगत गेलो. ती टाइप करत गेली.