सात खान्यांचं भामरागड

संगणकावरच्या टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ‘भामरागड’ हे गावाचं नाव टाइप करा. डोळ्यांना अक्षरं दिसतात पाच, टर्मिनल मात्र खाने मोजतं सात. तिथे सगळे खाने एकाच रुंदीचे, आणि नेहमीच्या हिशेबात कान्यालाही स्वतःचा खाना: भ, काना, म, र, काना, ग, ड.

आता याच गावाजवळ एकत्र येणाऱ्या नद्या घ्या. ‘इंद्रावती’ चार अक्षरी, खाने सात. ‘पर्लकोटा’ चार अक्षरी, खाने पुन्हा सातच! काना-वेलांटी जागा अडवतात; अनुस्वार, उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह फुकटात बसतात. म्हणून ‘पामुलगौतम’ची चिन्हं नऊ असली तरी ती आठ खान्यांत मावते.

ओळीत ८० खाने का? आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलनेही तीच रुंदी ठेवली, आणि आजही नवी खिडकी बहुधा तेवढीच उघडते.

खान्यांसारखाच बाइटचाही हिशेब असतो. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे भामरागड २१ बाइट. भामरागडच्या भागातली माडिया ही गोंडीच्या कुळातली बोली. गोंडीच्या दोन लिपी युनिकोडमध्ये आल्या: मसराम २०१७ साली, गुंजाला २०१८ साली. त्यांचं प्रत्येक चिन्ह ४ बाइटचं. दोन्हींसाठी नोटो या फॉन्टमालिकेत मोफत फॉन्ट आहेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मांडणी करताना खरी मेख इथे आहे: जेटब्रेन्स मोनोसारख्या फॉन्टात देवनागरी नसतेच. संगणक ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो. कुठला फॉन्ट आणायचा ते आपण ठरवावं. नोटो सान्स देवनागरी चांगला. लिनक्सवर ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेला भाषा मराठी सांगितली की चालणाऱ्या फॉन्टांची यादीच मिळते. टर्मिनलही पारखून घ्या. कॉन्सोल आणि एमएलटर्म जोडाक्षरं जुळवतात. अलॅक्रिटीत ती सुटी पडतात. फॉन्ट पारखताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल शेजारी-शेजारी लिहून बघा. क्षणभर जरी गोंधळ झाला, तर तो फॉन्ट नको.

शेवटी ओळींमधलं अंतर किंचित वाढवा. मग ‘पर्लकोटा’चा रफार वरच्या ओळीला टेकत नाही आणि ‘पामुलगौतम’चा उकार खाली कापला जात नाही.