फडताळाची किल्ली

राजापूर रोड स्टेशनवर नात गाडीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात टॅब. वय वर्षं नऊ, मुक्काम २४ दिवसांचा. आदल्या रात्री लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, यंदा तिला अजिबात स्क्रीन नको. चष्म्याचा नंबर वाढलाय." मी "बरं" म्हटलं. शेजारी लसूण सोलत बसलेली आमची ही म्हणाली, "ती राहील हो. तुमचं काय?"

घरी पोचल्यावर टॅब, माझा मोबाइल आणि हिचा मोबाइल, तिन्ही माजघरातल्या फडताळात गेले. कुलूप लागलं आणि किल्ली नातीच्या गळ्यात पडली. ही कल्पना हिची. संध्याकाळी साडेसातला फडताळ उघडायचं, लेकीला ठाण्याला व्हिडिओ कॉल करायचा, आलेले निरोप बघायचे, पुन्हा कुलूप. अडीअडचणीला शेजारच्यांचा नंबर लेकीकडे होताच.

गावी गेलं की मोबाइल आपोआप सुटतो, असा शहरातल्या आईबापांचा एक समज आहे. तो दहा वर्षं जुना आहे. पूर्वी रेंज मिळवायला सड्यावर चढून जावं लागे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आता रेंज गोठ्यातसुद्धा येते. एसटीच्या थांब्यावरची पोरं ठाण्यातल्या पोरांसारखीच माना खाली घालून तीच रीळं बघत असतात. तेव्हा नातवंडाला नुसतं गावी आणून सोडल्याने काही होत नाही. फक्त टॅबमागचं दृश्य बदलतं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. "आता मी काय करू?" हा प्रश्न पहिल्या दिवशी मी चौदा वेळा मोजला. त्यात माझीही चूक होती. उभी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली, त्यामुळे मी वेळापत्रक तयार ठेवलं होतं. सकाळी पाढे, मग शुद्धलेखन, मग झाडांची नावं, दिवेलागणीला परवचा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, हा समर कॅम्प आहे का?" वेळापत्रक तिथेच संपलं.

मुलांना कंटाळा सोसत नाही, याचा दोष मुलांच्या माथी मारणं मला पटत नाही. कंटाळ्याला शिरायला फटच राहू नये, अशी या अ‍ॅपांची बांधणी असते. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच पुढचा सुरू. बोट सरकवत राहावं आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६मध्ये काढली. पुढे त्याने तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्तापही व्यक्त केला. पुस्तकातलं प्रकरण संपतं, पत्त्यांचा डाव संपतो, विहिरीवर कळशी भरते. तिथे मूल मान वर करतं आणि दुसरं काहीतरी बघतं. संपणंच काढून टाकलं तर मान वर करायची कशाला? त्या सवयीतून बाहेर आलेल्या मुलाला सुरुवातीला हात कुठे ठेवावेत हेही कळत नाही. आपण ते तीन दिवस काढायचे. चौथ्या दिवसाची वाट बघायची.

चौथ्या दिवशी रातांबे उतरवले. ही आमसुलं करायला पडवीत बसली आणि नात खांबाला टेकून नुसती बघत राहिली. अर्ध्या तासाने हिने मान वर न करताच म्हटलं, "बिया वेगळ्या काढ गो. माझी पाठ भरून आलीय."

रातांबा फोडायचा, साल एका परातीत, गरासकट बिया दुसऱ्या पातेल्यात. बियांवर मीठ घातलं की लालभडक रस सुटतो. त्या रसात साली रात्रभर बुडवायच्या, सकाळी उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. याला पुट देणं म्हणतात. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळपट आणि लवचीक होते, ते आमसूल. खारवलेला रस आगळ म्हणून बाटलीत जातो आणि बियांचं तेल थंडीत पायांच्या भेगांना लागतं. नातीचे हात मनगटापर्यंत रंगले. त्या चिकट बोटांनी फोन धरताच आला नसता, आणि तो धरावा हे तिला आठवलंही नाही.

पुढचे पाच दिवस आमसुलांचा कारभार तिच्याकडे होता. कितवं पुट चाललंय याच्या रेघा तिने भिंतीवर कोळशाने ओढल्या. कोंबड्या हाकलल्या. एका दुपारी आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळत होतो, तिच्या हातात हुकमाचा एक्का होता, आणि आभाळ भरून आलं. पानं उलटी टाकून साली आत घ्यायला आमच्याआधी तीच पळाली. मी केलेल्या वेळापत्रकात हे बसलं नसतं. ते काम तिच्यासाठी मुद्दाम काढलेलं नव्हतं, घराला त्याची गरज होती. मुलांना हा फरक फार लवकर कळतो. शिक्षक असून मला उशिरा कळला.

चष्म्याचा विषय लेकीने काढला होता म्हणून थोडं सांगतो. लघुदृष्टीत डोळ्याचं बुबुळामागचं गोल अंग प्रमाणाबाहेर लांबतं आणि दूरचं पुसट दिसतं. सतत जवळचं बघणं हे त्याचं एक कारण, पण भरपूर उजेड न मिळणं हेही तितकंच मोठं कारण मानलं जातं. खोलीत दिव्याखाली उजेड ३००-५०० लक्स असतो. बाहेर लख्ख उन्हात तो लाखाच्या घरात जातो आणि आंब्याच्या सावलीतही काही हजार भरतो. अशा उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन पाझरतं आणि ते डोळ्याचं लांबणं आवरतं, असं तज्ज्ञ मानतात. तैवानने २०१०पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम घेतला तो यासाठीच. मात्र लागलेला नंबर उजेडाने उतरत नाही. नवा लागणं लांबतं, एवढंच. मे महिन्यात चष्मा सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

किती वेळ स्क्रीन चालेल, याबद्दल इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना साध्या आहेत. दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वयात दिवसाला फार तर तासभर, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. अगदी तान्ह्यांनाही त्यांनी नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची मुभा ठेवली आहे. साडेसातचा आमचा कॉल त्यामुळे कायद्यात बसत होता.

माझं वागणं मात्र बसत नव्हतं. सहाव्या दिवशी "हिशेब बघायचाय" म्हणून मी किल्ली मागून घेतली आणि गोठ्यामागे उभा राहून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आलेले सुविचार वाचत बसलो. मागून आवाज आला, "आबा, फडताळ!" तिने तळहात पुढे केला. ४० वर्षं ज्या जरबेने मी वर्गात पोरं उभी केली, ती जरब त्या तळहातात होती. मी मुकाट्याने फोन ठेवला.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हेच २०२२मध्ये अख्ख्या गावापुरतं केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, तिथून दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसावीत म्हणून योजना निघाली, पण बंद करावं लागलं ते मोठ्यांना. आई मालिका बघतेय आणि मूल गणितं सोडवतंय, असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

आता खरं तेही सांगतो. ठाण्याला परतल्यावर आठवड्याभरात टॅब बाहेर आला. रोज तासभर, असं लेक म्हणते. नात म्हणते दीड. कोकणातलं घर म्हणजे नुसती मौज, असंही नाही. दगडांच्या गडग्यात फुरसं असतं, विहिरीचा कठडा बुटका आहे आणि मुलाच्या मागे दिवसभर लक्ष ठेवताना आमच्या वयाची माणसं दमतात. कित्येकांच्या गावच्या घरांना तर कुलूप आहे आणि किल्ली शेजाऱ्यांकडे. तिथे नातवंडं कुणाकडे पाठवायची?

ज्यांच्याकडे यंदा येणार आहेत त्यांना मात्र एक सांगणं. आमसुलांना ऊन लागतं आणि पाऊस आता कॅलेंडर बघून येत नाही. २०२५ साली तर तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. तेव्हा पोरांना मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बोलवा. आणि ती यायच्या आदल्या दिवशी आपला फोन कुठे ठेवायचा ते ठरवून किल्ली कुणाच्या गळ्यात घालायची तेही ठरवा. आपल्या नको.