पौष्टिक धिरडे

सकाळची शाळा असली की तुम्ही काय खाऊन घराबाहेर पडता? कोणी चहात दोन बिस्किटे बुडवून खातो. कोणी चहा-पाव खातो. कोणी काहीच न खाता निघतो. मग तिसऱ्या तासाला पोटात कावळे ओरडू लागतात. फळ्यावरचे गणित डोळ्यांना दिसते. पण डोक्यात शिरत नाही. यात दोष गणिताचा नसतो, रिकाम्या पोटाचा असतो.

चहा, बिस्किटे आणि पाव यांतून मुख्यतः साखर आणि पिष्ट मिळते. त्यांनी थोडा वेळ तरतरी येते. पण शरीराची वाढ होण्यासाठी प्रथिने लागतात. आपले स्नायू, त्वचा, केस, रक्त या सर्वांत प्रथिने असतात. तुमचे वय वाढीचे आहे. म्हणून तुम्हांला त्यांची गरज अधिक आहे. हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या शिफारशींनुसार, १३ ते १५ वर्षे वयाच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. मुलगा आणि मुलगी यांच्या गरजेत किती थोडा फरक आहे, हे लक्षात ठेवा.

प्रथिने म्हटले की काहींना जाहिरातीतले महागडे डबे आठवतात. पण मुगाची डाळ पाहा. १०० ग्रॅम डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ती प्रत्येक वाण्याकडे मिळते.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ अमिनो आम्ले आपल्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. डाळीत त्यांपैकी एक कमी असते, तर तांदूळ, ज्वारी, गहू यांत दुसरेच कमी असते. डाळ आणि धान्य एकत्र खाल्ले, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपली खिचडी, डाळ-भात, डाळ-रोटी यांत हीच जोडी असते. तिच्यात भाजी घातली आणि सगळे तव्यावर भाजले, की तयार होते पौष्टिक धिरडे.

धिरडे हा पदार्थ तुम्हांला नवा नाही. उत्तर भारतात त्याला चीला म्हणतात. तुमच्या घरीही कदाचित हेच नाव असेल. आंध्रात हिरव्या मुगाचे पेसरट्टू करतात. कोकणात तांदळाच्या पिठाचे घावन करतात. नावे निराळी, पण तवा सगळीकडे आहे.

आता साहित्य जमवा. सालीची मूगडाळ १५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक वाटी. तांदूळ ५० ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. एक कांदा, एक गाजर, पालकाची किंवा मेथीची मूठभर पाने, थोडी कोथिंबीर. एक हिरवी मिरची, आल्याचा लहान तुकडा, अर्धा चमचा जिरे, चिमूटभर हळद, चवीपुरते मीठ आणि थोडे तेल. गाजर नसेल तर कोबी किंवा दुधी घ्या. ज्या भाजीचा हंगाम असेल, ती स्वस्तही असते आणि ताजीही.

रात्री झोपण्यापूर्वी डाळ आणि तांदूळ धुऊन भिजत घाला. दिवसा करायचे असेल तर चार तास पुरेत. भिजल्याने डाळ मऊ होते, लवकर वाटली जाते आणि पचायलाही हलकी होते. सकाळी पाणी काढून टाका. डाळ, तांदूळ, मिरची आणि आले एकत्र वाटा. वाटताना थोडे थोडे पाणी घाला. पीठ फार पातळ नको आणि फार घट्टही नको. पळीतून ओतले तर सावकाश पडावे, इतके सरसरीत हवे.

भाज्या स्वच्छ धुऊन घ्या. गाजर किसा, कांदा आणि पाने बारीक चिरा. मोठे तुकडे राहिले तर धिरडे उलटताना फाटते. भाज्या, जिरे, हळद आणि मीठ अगदी शेवटी पिठात घाला. मिठामुळे भाज्यांना पाणी सुटते. आधीच मीठ घालून ठेवले, तर पीठ पातळ होते.

आता तवा तापवा. शेगडीजवळ काम करताना घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. मुलींनी ओढणी नीट खोचून घ्यावी. मुलांनी लांब बाह्या वर दुमडून घ्याव्यात. तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडा. ते चर्र आवाज करून लगेच उडाले, की तवा तापला असे समजा. तापलेल्या तव्यावर तेल पसरा. आच मध्यम करा. पळीभर पीठ मध्यभागी ओतून पळीच्या तळाने गोल फिरवत पसरा. आच फार मोठी असेल, तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. वर झाकण ठेवा. कोंडलेल्या वाफेवर भाजी शिजते. दोन-तीन मिनिटांनी कडा सुटू लागल्या, की उलटा. दुसरी बाजूही खरपूस भाजा.

कधी डाळ भिजवायचे राहून गेले तर? एक वाटी बेसन आणि पाव वाटी ज्वारीचे पीठ घ्या. पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ठेवा. मग वरीलप्रमाणेच भाज्या घालून धिरडी करा.

आता थोडे गणित करू. १५० ग्रॅम डाळीतून सुमारे ३६ ग्रॅम आणि ५० ग्रॅम तांदळातून सुमारे ४ ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण झाली ४० ग्रॅम. या पिठाची मध्यम आकाराची आठ धिरडी होतात. म्हणजे एका धिरड्यात ५ ग्रॅम. दोन धिरडी आणि एक उकडलेले अंडे खाल्ले, तर सुमारे १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा सकाळीच भरून निघाला! अंडे नको असेल, तर वाटीभर दही घ्या.

धिरड्याबरोबर चहा मात्र घेऊ नका. डाळीत आणि पालेभाजीत लोह असते. लोह कमी पडले तर रक्त कमी होते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. वाढत्या वयातील मुलींना लोहाची गरज विशेष असते. चहामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. लिंबामुळे ते अधिक शोषले जाते. म्हणून धिरड्यावर लिंबू पिळा. चहा हवाच असेल, तर तासाभराने घ्या.

रोजचा स्वयंपाक बहुधा आईच करते. ती सर्वांना वाढते आणि शेवटी उरलेले खाते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी धिरडी तुम्ही करा. भाऊ-बहीण दोघांनीही हाताला हात लावा. प्रत्येकाच्या ताटात सारखी धिरडी वाढा. आईला सर्वांबरोबर बसवा आणि तिचेही ताट गरम गरम वाढा.

स्वाध्याय

१. डाळ आणि धान्य एकत्र का खावे?
२. मीठ पिठात शेवटी का घालावे?
३. तुमच्या घरी केल्या जाणाऱ्या डाळीच्या एखाद्या पदार्थाची कृती मराठीत लिहा.