बेअरिंग वाजायच्या आधी

चाकणच्या कारखान्यातल्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला विचारा, बेअरिंग तुटून लाइन बंद पडणं महाग, की आवाज ओळखून ते रविवारीच बदलणं? उत्तर ठरलेलं! पण त्याच्याच थेरगावच्या घरी वडिलांना हार्ट फेल्युअर असलं, तर तिथे ब्रेकडाऊनचीच वाट बघितली जाते. आदित्य बिर्ला रुग्णालय थेरगावातच, महापालिकेचंही रुग्णालय आहे. खाट जवळ आहे. कधी निघायचं, तेच कळत नाही.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, बरं का. पंप चालू असतो, जोर कमी पडतो आणि अंगात पाणी साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे सगळ्यात स्वस्त सेन्सर कोणता? घरचा वजनकाटा! दम लागून भरती व्हायच्या किमान आठवडाभर आधीच वजन चढू लागतं, असं अमेरिकेतल्या २००७च्या एका अभ्यासात दिसलं.

आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली वडिलांचं वजन असतं. एका आठवड्यात ६१.२, मग ६१.९, मग ६३.३. तीन दिवसांत दोन किलो वाढले की फोन करायचा, हे डॉक्टरांनी बजावलेलं. फोन केल्यावर त्यांनी पाणी उतरवणाऱ्या गोळीचा डोस बदलला आणि शुक्रवारी काटा पुन्हा ६१.५ वर. काही रुपयांच्या गोळीवर निभावलं, आयसीयूची पायरी चढावी लागली नाही.

रुग्ण एकीकडे आणि त्याच्यावर लक्ष दुसरीकडून, ही कल्पना नवी वाटते? १९०५ साली हॉलंडच्या लायडन शहरात शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णाचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत घेतला. कारण साधं होतं, यंत्र इतकं अवजड की रुग्णापर्यंत नेणं शक्यच नव्हतं.

नुसतं यंत्र मात्र पुरत नाही. अमेरिकेत १,६५३ रुग्णांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला लक्षणं नि वजन सांगायचं, असा प्रयोग झाला. २०१० साली निकाल आला, फायदा शून्य. जर्मनीत वजन, रक्तदाब, ईसीजी बघायला चोवीस तास डॉक्टर-नर्स बसवले. १,५७१ रुग्णांच्या त्या अभ्यासात (२०१८) अचानक भरती किंवा मृत्यूमुळे वाया जाणारे दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. मृत्यूही घटले. काटा दोन्हीकडे होता, फरक पलीकडे बसलेल्या माणसाचा.

आता पैशाचं. भरती टळली की रुग्णाचे पैसे वाचतात, रुग्णालयाचं मात्र बिल बुडतं. अमेरिकेने म्हणून २०१२पासून, तीस दिवसांत रुग्ण जास्त प्रमाणात परत आले तर रुग्णालयाचे पैसे कापायला सुरुवात केली. आपल्याकडचा बहुतेक आरोग्यविमा खाटेवर पडल्यावरच जागा होतो, रोजच्या फोनला पैसे देत नाही.

पण आपल्या चाकण-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक खातं असं आहे, ज्याचे दोन्हीकडून पैसे वाचतात: कामगार विमा, म्हणजे आपलं ईएसआय. आजारी कामगारावर उपचारही तेच करतं आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही तेच देतं. एक भरती टळली, की खाटही वाचली, भत्ताही वाचला. चिंचवडच्या मोहननगरला त्यांचं रुग्णालय आहेच. तिथल्या एखाद्या सिस्टरकडे रोज सकाळी हार्ट फेल्युअरच्या कामगारांची वजनं बघायचं काम द्या. दोन किलो वाढलेल्याला पहिल्या शिफ्टच्या चहाआधी फोन जायला हवा.