वादळापूर्वी वाडीने करावयाची तयारी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीन तालुके समुद्रकाठी वसलेले आहेत. येथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ माड, आंबा, भातशेती आणि मासेमारी यांवर मिळून चालतो. या सर्वांवर एकाच दिवशी घाला घालणारे संकट म्हणजे चक्रीवादळ होय.

दि. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. त्याचे केंद्र समुद्रातच राहिले व १७ मे रोजी ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. तरीही मालवण व देवगड परिसरात घरांची छपरे उडाली, माड व आंब्याची झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज, रस्ता व दूरध्वनी ही तिन्ही एकदम बंद पडली म्हणजे बाहेरची मदत वाडीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. तेवढा काळ शेजारी हाच शेजाऱ्याचा आधार असतो. म्हणून तयारी घराघरांनी वेगवेगळी न करता वाडीने मिळून करणे हितावह ठरते.

धोक्याचे दोन हंगाम

अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी व नंतर उद्भवतात. 'तौक्ते' मे महिन्यात आले, तर 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. 'फयान' हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले. ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' समुद्रातच राहिले, परंतु त्याच्या पावसाने कापणीस आलेले भात भिजविले. पहिल्या हंगामात झाडावर उरलेला आंबा व घरातील भाताचे बियाणे धोक्यात असते. दुसऱ्या हंगामात शेतातील उभे पीक.

या दोन्ही हंगामांच्या तोंडावर, १ मे व २ ऑक्टोबर रोजी, ग्रामसभा भरविण्याची प्रथा आहे. त्या सभांत प्रत्येक वाडीने आपली तयारी पडताळून पाहावी.

रापणीचा धडा

मिळून काम करण्याची रीत या किनाऱ्यास नवी नाही. रापणीचे जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरील माणसे एकजुटीने ओढतात. दोरावर आपली जागा कोठे, हे प्रत्येकास ठाऊक असते. मासळीचा वाटाही ठरलेला असतो. वादळाच्या कामातही असेच व्हावयास हवे. कोणी काय करावयाचे हे वारा सुटल्यावर ठरवू गेल्यास गोंधळ माजतो व धोका वाढतो.

वाडीची यादी व कामाची वाटणी

सर्वप्रथम वाडीची एक यादी तयार करावी. तीत एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणास खिळलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया व लहान मुले कोणत्या घरी आहेत, हे नोंदवावे. ज्यांची मुले मुंबईस आहेत अशा वृद्धांचे घर विशेष ध्यानात ठेवावे. प्रत्येक अशा घरासाठी जवळच्या दोन शेजाऱ्यांची नावे नेमावीत; एक बाहेरगावी असल्यास दुसरा हजर राहील.

दुसऱ्या यादीत साधनांची नोंद असावी : पक्के छप्पर असलेले घर अथवा शाळा, करवत, कोयते, कुऱ्हाडी, दोरखंड, शिडी, कंदील, विजेऱ्या, होडी व वाहन. वीज गेली की पंप बंद पडतो, आणि रहाट किंवा दोर-पोहरा नसल्यास भरलेल्या विहिरीचाही उपयोग होत नाही. यास्तव वाडीतील निदान एका विहिरीवर रहाट चालू स्थितीत ठेवावा.

हवामान खात्याचा इशारा व बंदरावरील बावटा यांकडे लक्ष ठेवून घरोघर निरोप देण्याचे काम दोघांकडे सोपवावे. तीन क्रमांकाचा बावटा लागला म्हणजे बंदरास सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असे समजावे व होड्या वर ओढाव्यात. देवबागसारख्या, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी असलेल्या पट्टीत रस्ता बंद होण्याची वाट न पाहता वृद्ध व रुग्णांना आधीच हलवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

शेत, बाग व गोठा

इशारा मिळताच तयार नारळ व सुकलेली झापे उतरवावीत, कारण वाऱ्यात ती घातक ठरतात. पक्व आंबा काढून घ्यावा. पाडेली मोजके असल्याने कोणाच्या बागेत आधी जावयाचे, हा क्रम पूर्वीच ठरवावा. गुरे जुन्या भिंतीलगत वा झाडाखाली बांधू नयेत. मुडीतील बियाणे उंच व कोरड्या जागी, शक्यतो पक्क्या घरात एकत्र ठेवावे.

खाडीलगतच्या खारभूमीत तर एकाच्या शेतावरील दुर्लक्ष सर्वांना भोवते. बंधाऱ्यास एके ठिकाणी खांड पडली तरी खारे पाणी सगळ्या मळ्यात पसरते. उघाडीची झडप नीट बसते की नाही, हे मे महिन्यातच सर्वांनी मिळून पाहावे. खारे पाणी शिरल्यास ओहोटीच्या वेळी ते बाहेर सोडावे, पावसाच्या पाण्याने जमीन धुवून निघू द्यावी आणि पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखी क्षार सहन करणारी भाताची जात लावावी.

वादळ शमल्यावर

प्रथम यादीनुसार माणसे मोजावीत. तुटलेल्या तारांना कोणीही हात लावू नये. त्यानंतर रुग्णवाहिका येऊ शकेल एवढा रस्ता मोकळा करावा. विहिरीत खारे वा गढूळ पाणी शिरले असल्यास आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने ती उपसून शुद्ध करावी. तोवर गढूळ पाणी गाळून व उकळून प्यावे. खारेपणा मात्र उकळल्याने जात नाही, म्हणून तेथे दुसऱ्या विहिरीचे पाणी आणावे. नुकसानीची छायाचित्रे घेऊन ठेवावीत व पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडे शक्यतो तशीच राहू द्यावीत.

कललेले लहान माड आठवड्याच्या आत सरळ करून, मुळांवर माती चढवून टेकू द्यावा. आंब्याच्या मोडलेल्या फांद्या करवतीने सपाट कापून १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी.

या तयारीस फारसा खर्च लागत नाही. एक वही, एक सायंकाळ आणि वाडीतील जुने तंटे तेवढ्यापुरते बाजूस ठेवण्याची इच्छा असली की पुरे. ज्या दोन घरांत बांधावरून बोलणे बंद आहे, त्यांची नावे यादीत शेजारी शेजारीच येणार आहेत. वादळाच्या रात्री सर्वांत जवळचा हात त्यांचाच असतो.