मनोऱ्यांचें शहर कादिझ

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर, अटलांटिक महासागरांत शिरलेल्या एका अरुंद भूशिरावर, कादिझ नांवाचें बंदर वसलेलें आहे. नकाशांत तें लांब केलेल्या हातासारखें दिसतें. वाळूचा निमुळता पट्टा म्हणजे हात, आणि त्याच्या टोकाशीं दगडी तटांनीं आवळलेली मूठ म्हणजे जुनें शहर. सेव्हिलहून आगगाडीनें दोन तासांच्या आंत तेथें पोंचतां येतें. प्रवासाच्या अखेरीस एका अंगाला मिठागरें व उपसागर आणि दुसऱ्या अंगाला मोकळा समुद्र येतो, आणि गाडी जणूं पाण्यावरूनच चालली आहे असा भास होतो.

उन्हाळ्यांत येथें येणाऱ्यांपैकीं बहुतेकांना ओढ असते ती समुद्रस्नानाची. ती गैर नाहीं; परंतु कादिझचा किनारा पाहणें आणि कादिझ पाहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समुद्रानें या शहराला काय दिलें आणि त्याच्याकडून काय हिरावून नेलें, हें ध्यानांत ठेवून जो गल्लीबोळांतून हिंडेल, त्यालाच तें खऱ्या अर्थानें दिसेल.

पश्चिम युरोपांतील अखंड वस्ती असलेल्या अत्यंत प्राचीन शहरांत कादिझची गणना होते. फिनिशियन व्यापाऱ्यांनीं तें ख्रिस्तपूर्व ११०४ च्या सुमारास वसविलें, अशी प्राचीन लेखकांची परंपरा आहे. उत्खननांत मिळालेला पुरावा मात्र ख्रिस्तपूर्व नवव्या-आठव्या शतकापर्यंतच मागें जातो. त्यांच्या भाषेंत या स्थळाचें नांव गादिर, म्हणजे तटबंद जागा, असें होतें. येथील वस्तुसंग्रहालयांत संगमरवराच्या दोन फिनिशियन शवपेट्या शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत. एकीवर पुरुषाची मुद्रा कोरलेली आहे, दुसरीवर स्त्रीची. पुरुषाची पेटी १८८७ सालीं सांपडली. तेव्हां तिच्या जोडीची स्त्रीची पेटीही कोठेंतरी असलीच पाहिजे, अशी पेलायो किन्तेरो या पुराणवस्तुसंशोधकाची श्रद्धा होती. त्यांनीं शहरांत वर्षानुवर्षें उत्खनन केलें, परंतु ती कांहीं हातीं लागली नाहीं. १९४६ सालीं ते निवर्तले. पुढें १९८० सालीं एका इमारतीचा पाया खणतांना ती पेटी निघाली, आणि ती जागा म्हणजे किन्तेरो यांच्या स्वतःच्या जुन्या घराची जागा होती! जन्मभर जिचा शोध केला तिच्यावरच त्यांनीं बिछाना घातला होता. त्याच सालीं शहराच्या जुन्या वस्तीखालीं एक रोमन नाट्यगृहही उजेडांत आलें. जागा थोडी आणि काळ मोठा, त्यामुळें येथें एका युगाच्या डोक्यावर दुसरें युग उभें आहे.

कादिझच्या वैभवाचा काळ अठराव्या शतकांतला. अमेरिकेशीं होणाऱ्या व्यापाराचें नियमन करणारी राजाची कचेरी १७१७ सालीं सेव्हिलहून येथें हलविण्यांत आली, आणि पलीकडच्या खंडांतील सोनें, रुपें, कोको, नीळ यांनीं लादलेलीं गलबतें याच बंदरांत येऊं लागलीं. व्यापाऱ्यांनीं आपल्या घरांच्या गच्च्यांवर मनोरे उभारले ते याच सुमारास. गलबत येण्यास महिनेच्या महिने लागत. वादळ, चांचे आणि शत्रूचीं आरमारें यांतून तें सुखरूप परतलें कीं नाहीं, यावर घराण्याची पत अवलंबून असे. म्हणून घरचा माणूस दुर्बीण घेऊन मनोऱ्यावर बसे. असे शंभराहून अधिक मनोरे आजही शाबूत आहेत. त्यांतील ताविरा नांवाचा मनोरा समुद्रसपाटीपासून ४५ मीटर उंचीवर आहे. १७७८ सालीं तो बंदराचा अधिकृत टेहळणीचा मनोरा ठरला. दैवाची गंमत अशी कीं, त्याच वर्षीं इतर स्पॅनिश बंदरांनाही अमेरिकेशीं व्यापार करण्याची मोकळीक मिळाली आणि कादिझची मक्तेदारी संपली. १९९४ पासून या मनोऱ्यांत एक अंधारी खोली केलेली आहे. भिंग व आरसा यांच्या योगें बाहेरील शहराचें प्रतिबिंब आंतील पांढऱ्या तबकडीवर पडतें. दोऱ्यांवर वाळणारे कपडे वाऱ्यानें हालतात, तेही त्यांत स्पष्ट दिसतें.

मनोऱ्यावरून खालीं उतरून रस्त्यांकडे पाहावें. ते अरुंद आहेत, आणि त्यामुळेंच सावलीचे व वाऱ्यापासून आडोशाचे झाले आहेत. लेवान्ते नांवाचा पूर्वेकडील कोरडा, उष्ण वारा सुटला म्हणजे दिवस दिवस वाळू उडत राहते आणि माणसें चिडखोर होतात. पोनियेन्ते हा पश्चिमेचा वारा आला कीं हवा ओलसर व गार होते. घरांचा दगड पाहण्यासारखा आहे. शिंपल्यांचे थर सांचून तो तयार झालेला असल्यामुळें भिंतींत शिंपा उघड्या दिसतात. गोड्या पाण्याचे झरे नसल्यामुळें जुन्या वाड्यांच्या चौकाखालीं पावसाच्या पाण्याचीं टांकीं असत. गाड्यांच्या चाकांनीं भिंतींचे कोपरे झिजूं नयेत म्हणून तेथें जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या आहेत. एके काळीं शत्रूवर धडाडणाऱ्या त्या तोफांच्या वांट्याला आतां घरें राखण्याचें काम आलें आहे.

शत्रू थोडे नव्हते. १५९६ सालीं इंग्रज व डच आरमारानें हें शहर लुटून जाळलें. त्यानंतरच ला कालेता या लहानशा पुळणीच्या एका अंगाला सान्ता कातालिनाचा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला बांधण्यांत आला. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बनच्या भूकंपामागोमाग समुद्र उसळून आला. ला पाल्मा वस्तींत देवमातेची मूर्ति पुढें आणतांच पाणी मागें हटलें, अशी श्रद्धा असून त्या दिवसाचें स्मरण दरवर्षीं केलें जातें. १८ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीं आरमाराच्या सुरुंगांचा सांठा भडकून सुमारें दीडशें माणसें मेलीं. जुनें शहर बव्हंशीं वांचलें, कारण जमिनीच्या बाजूच्या जाड तटानें स्फोटाचा धक्का अडविला.

परंतु या तटांनीं राखलेली सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे एक कागद होय. नेपोलियनच्या सैन्यानें जवळ जवळ सर्व स्पेन व्यापला, तरी कादिझ त्याच्या हातीं पडलें नाहीं. शहराला वेढा पडलेला असतांना सान फेलिपे नेरी या लंबवर्तुळाकार प्रार्थनामंदिरांत लोकप्रतिनिधि बसले, आणि १९ मार्च १८१२ रोजीं त्यांनीं सार्वभौम सत्ता राजाची नसून राष्ट्राची आहे असें सांगणारी राज्यघटना जाहीर केली. राजानें ती १८१४ सालीं रद्द केली, पण तिचा ध्वनि दूरवर गेला. पोर्तुगालच्या १८२२ च्या राज्यघटनेनें हाच आदर्श पुढें ठेविला होता, आणि लिस्बनच्या त्या काळच्या सभेसाठीं गोव्यांतूनही प्रतिनिधि निवडले गेले होते. मांडवीच्या कांठच्या मनुष्याला म्हणून कादिझ अगदींच परकें नव्हे.

दुपारीं मध्यवर्ती मंडईकडे वळावें. १८३८ सालच्या या स्तंभांच्या इमारतींत मासळीचे गाळे मधोमध आहेत. जवळच्या दुकानांत तळलेले मासे कागदाच्या पुडींत बांधून देतात. येथील एक पदार्थ मराठी गृहिणीला ओळखीचा वाटेल. गव्हाचें व हरभऱ्याचें पीठ सैल कालवून त्यांत जवळ्यासारखी बारीक कोळंबी, कांदा आणि पार्स्लीची पानें घालतात, आणि तेलांत पातळ, जाळीदार चकत्या तळतात. संध्याकाळीं तीच पुडी घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें ला कालेतावर येतात. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन येतात, पत्ते मांडतात, आणि सूर्य समुद्रांत बुडेपर्यंत उठत नाहींत.

फेब्रुवारीच्या आसपास येथें कार्निव्हल होतो. वेष घेतलेलीं गाण्याचीं मंडळें नव्यानें रचलेल्या पदांतून नगराध्यक्षापासून पंतप्रधानापर्यंत सर्वांची रेवडी उडवितात. १९३७ सालीं फ्रँकोच्या पक्षानें हा उत्सव बंद केला. पुढें तो निराळ्या नांवाखालीं, कात्रीखालून जाऊन, कसाबसा चालला. मूळ नांव व मूळ दिवस त्याला १९७७ सालीं परत मिळाले. हंसण्याचा हक्क परत मिळविण्यास चाळीस वर्षें लागलीं, म्हणून येथील लोक तो फार जपतात.

हल्लीं त्या पदांतून एक विषय पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे घर. गोदी व जहाजबांधणीचीं कामें कमी झालीं. पसरण्यास जमीन नाहीं. १९८० च्या सुमारास दीड लाखांवर असलेली लोकसंख्या आज सव्वा लाखाच्याही खालीं आली आहे. जुन्या वाड्यांतील बिऱ्हाडें प्रवाशांना रोजच्या भाड्यानें दिलीं जातात, आणि तेथें जन्मलेलीं मुलें उपसागरापलीकडे राहावयास जातात. प्रवासी ज्या जिवंतपणासाठीं येतो, तो त्याच्या येण्यानेंच उणा होऊं लागला आहे.

याचा अर्थ तेथें जाऊं नये असा नव्हे. जुलै-ऑगस्टची गर्दी टाळून वसंतांत किंवा शरदांत जावें. बिऱ्हाड मोडून केलेल्या खोलीपेक्षां रीतसर खाणावळींत उतरावें. खरेदी मंडईंत करावी. आणि ला कालेतावरील खुर्च्यांना आपल्या पंचासाठीं हलवूं नये. पूर्वीं मनोऱ्यावरचा माणूस आपलें गलबत काय घेऊन आलें तें पाहत असे. आतां बंदरांत प्रवाशांनीं भरलेल्या प्रचंड आगबोटी येतात, आणि मनोऱ्याखालच्या घरांतील माणसें तोच जुना प्रश्न विचारतात. त्याचें उत्तर जाणाऱ्यानें आपल्या वागणुकीनें द्यावयाचें आहे.