हंटिंग्टनचा आजार: वारसा कसा चालतो?

व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी कोळ्यांच्या वस्त्यांत काही घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकच दुखणं येई. तिशी-चाळिशीत हातपाय आपोआप हलू लागत, तोल जाई, पुढे स्मरण आणि स्वभावही बदले. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकी डॉक्टरने 1872 मध्ये वर्णिलेला हा आजार. संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला तोच होता. त्यांच्या चमूने या कुटुंबांतल्या हजारो जणांचे रक्तनमुने घेतले. 1983 मध्ये दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, 1993 मध्ये जनुक सापडलं. आज जगात कुठेही होणारी या जनुकाची चाचणी त्या गरीब कुटुंबांच्या रक्तावर उभी आहे. हे ऋण विसरता कामा नये.

या जनुकात डीएनएची सी-ए-जी ही तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. 26 पर्यंत आवर्तनं असली तर चिंता नाही. 40 किंवा अधिक असली, की माणूस पुरेसा जगल्यास आजार होतोच. हंटिंगटिन प्रथिनाचा एक भाग लांबतो आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशी हळूहळू मरतात. आवर्तनं जास्त, तशी लक्षणं सहसा लवकर. वडिलांकडून येताना आवर्तनं वाढण्याचा संभव अधिक.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असली तरी पुरते. म्हणून अशा पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका 50 टक्के. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटत नाही.

आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. त्यामुळे घरात तो असेल तर चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोला, आणि लक्षणं नसलेल्या लहान मुलांची चाचणी करू नका.